अर्थ

उदगीरला, देगलूर रोडवर, टायरवाल्याच्या पलीकडं
सायलूचं दुकान. मे महिना, पत्र्याला हात लावू देईना गाडी.
मी म्हणालो, काच हादरली पाहिजे.
गुत्तेदाराच्या पोराची गाडी गेली की
आमच्या शाळेच्या खिडक्या वाजतात, तसं.

तो काही बोलला नाही.
डिकीतला गालिचा उचलला,
अन् काळी वायर दोन बोटांत धरली, नाडी बघावी तशी.
"कुणी बसवलं हे?"
लातूरला, म्हणालो.
"अर्थ रंगावर दिलाय. रंगाला काय कळतंय?"

मग कानस घेऊन खरडत बसला.
पांढरा गेला, खाली राखी,
त्याच्याखाली एक जुना लाल
(गाडी आधी लाल होती,
विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं),
आणि मग रुपयाएवढं उघडं लोखंड.
"इथं. वीतभर वायर, जास्त नाही.
अर्थ लांबला की आवाज भरकटतो."

बॅटरीजवळच फ्यूज.
लाल वायर डाव्या अंगानं, सिग्नलची उजव्या.
सोबतच का नाही नेत, मी विचारलं, सुटसुटीत?
"सख्खे भाऊ एका बांधावरून नेले
की कुरकुर आलीच. रेस द्या,
बघा कसं कुईं करलालं."
करत होतं. दोन वर्षं
मी ते इंजिनचं दुखणं समजत होतो.

मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून
दोन्ही सबच्या टोकांना टेकवला.
एकाची वाटी पुढं आली, दुसऱ्याची मागं गेली.
"दोघं बी जीव तोडून ओढलालेत,
एक इकडं, एक तिकडं.
ऐकू काय येणार? नुसती धाप."
मला उगाच आमची स्टाफरूम आठवली.

दुकानातलं घड्याळ तेवढा वेळ सव्वाचारवर थांबलं होतं.

बाकड्यावर त्याचा बाप, नरसिंगमामा.
हलगी वाजवायचा; डीजे आले
तेव्हापासून बाकड्यावर.
"गेनचा स्क्रू म्हणजे आवाज नव्हे, सर," सायलू सांगत होता
मीटरवरचे आकडे बघत,
"ऐंशीच्या खालचं तेवढं सबला, वरचं दारातल्यांना."
गाणं लावलं. मला वाटलं, झालं.
म्हाताऱ्यानं उठून टपावर फडकं टाकलं,
फडक्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले.
"ओली हाय अजून."

सायलूनं स्क्रू मागं घेतला. पुढं नाही, मागं.
"अजून."
अजून मागं.
म्हाताऱ्यानं तळवा उचलला,
शेकून झालेल्या कातड्यावरून उचलावा तसा,
अन् जाऊन बसला.

येताना काच हादरली नाही.
आवाज मागून येईना, पुढून येईना.
खालून, मांडीच्या हाडातून यायचा.
आणि मरखेलच्या अलीकडं, चढावर,
गाणारी बाई ओळ उचलण्याआधी
श्वास घेते ते ऐकू आलं.
हजारदा ऐकलेलं गाणं.
त्यात श्वास आहे, माहीत नव्हतं.

गुत्तेदाराचं पोरगं गल्लीत म्हणालं,
"सर, लावलंच नाही का? भायेर तर काहीच येईना."
मी दार उघडून दिलं. तो आत बसला.
बराच वेळ मोबाइल खिशातच राहिला त्याचा.

नंबरप्लेट तेवढी किणकिणत होती.
शनिवारी परत गेलो.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा मागं दाबून
सायलूनं स्क्रू आवळला, पैसे घेतले नाहीत.
बाकड्यावरून म्हातारा म्हणाला,
"वाळली का?"
हो म्हणालो.