मागचं वजन

टोलेडोत, मॉमी नदीकाठच्या गोदामात
तिबोर सोल्नोकीने आज शेवटचा सिलिंडर बदलला.
नळी सुटताना फुस्स झालं,
पितळी तोंडावर बर्फाची साय धरली
आणि सडक्या कांद्याचा वास.
गॅसला स्वतःचा वास नसतो,
तो मुद्दाम घालतात, माणसाला कळावं म्हणून.

आजोबांच्या वेळी नुसता खांदा होता,
खांद्यावर गोणपाटाची घडी,
घडीवर ओतीव लोखंड, अजून कोमट.
मग कुठल्याशा कारखान्यात
आतल्या आत माल हलवायला
कुणीतरी पेट्रोलवरचा गाडा केला.
ब्रेक नव्हताच म्हणतात.
बघायला आलेले म्हणाले, आम्हालाही एक द्या.
विकायला केलाच नव्हता तो.

पुढे गाड्याला दात फुटले, दोनच,
दातांमागे खांब, साखळी, तेलाचा दाब.
तरी माल एकेक करूनच चढायचा.
लाकडी पाट आले
तेव्हा कुठे पंगत बसली.

युद्धात पोरं गेली.
सीटवर आली पिरोश्का, तिबोरची मावशी,
एकोणीस वर्षांची, केसांना रुमाल.
फोरमन म्हणाला, ही मागच्या चाकांनी वळते,
ढुंगण फिरव, तोंड आपोआप फिरेल.
ती हसली नाही.
दुपारपर्यंत तिने दारूगोळ्याच्या पेट्यांचे चार मजले रचले.
हिवाळ्यात दारं बंद, धूर आत.
संध्याकाळी डोकं ठणकायचं,
सर्दी असेल, म्हणायची.
सर्दी नव्हती.

त्यानंतर कधीतरी हा सिलिंडर आला,
पाठीशी आडवा,
तान्ह्या पोरासारखा पट्ट्याने बांधलेला.
धूर कमी झाला. संपला नाही.

उद्या बॅटरीवरच्या येणार.
इतक्या गुपचूप चालतात
की पुढे निळा दिवा फेकत जातात, माणसं सरकावीत म्हणून.

तिबोर मागच्या बाजूला जातो,
बिडाच्या ठोकळ्यावर हात ठेवतो.
दीड टन. जन्मभर काही केलं नाही याने,
ना ओढलं, ना उचललं,
नुसता मागे बसून राहिला.
एकदा दुरुस्तीला हा उतरवला होता
आणि कुणा नवख्याने दात घातले भरल्या पाटाखाली.
गाडीच तोंडावर आली,
मागची चाकं हवेत, फिरत.
पिरोश्का तेव्हा होती. त्या दिवशी मात्र ती खूप हसली.

मीटरवर एक्केचाळीस हजार दोनशे सहा तास.
तिबोर डबा उघडतो, सीटवरच बसून जेवतो.
इंजिन चालू आहे.
सिलिंडर भरलेला,
वाया कशाला घालवायचा.