पाडव्याच्या आदल्या रात्री

वडाळ्याला, कॉलेजच्या मागे,
मिठागराकडून वारा येतो
आणि कितीही पाणी मारलं तरी
सकाळी मातीला मीठ फुटतं.
बादली खाली ठेवून मी वही उघडतो.
उद्या साडेपाचला सराव.
सात नावं लागतात. माझ्याकडे नऊ आहेत
आणि तरी सात होत नाहीत.

डावा कोपरा रिकामा.
तांडेल बँकेत लागला.
पेढे घेऊन आला तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारली
आणि मनातल्या मनात एक शिवी घातली.
तीन वर्षं त्या कोपऱ्यातून
हाती आलेला घोटा सुटला नव्हता.
पेढा कंदी होता. चांगला होता.

उजवा कोपरा, रुपेश बाईत.
शिमग्याला गावी गेला, पालखी नाचवली,
आणि पुरणपोळ्यांचं ओझं अंगावर घेऊन परतला.
परवा रद्दीवाल्याच्या काट्यावर उभा केला, तर अठ्ठ्याऐंशी.
"सर, काटा रद्दीवाल्याचा आहे."
अरे बाबा, रद्दीवाल्याचा काटा
कमी दाखवतो.

त्याच्या शेजारी खरटमल.
धक्का असा की समोरचा थेट राखीव बाकावर.
पण बाईतशी डिसेंबरपासून बोलत नाही,
सहाशे रुपयांवरून.
साखळी करा म्हटलं की दोघं हात धरतात
दोन बोटांनी,
जत्रेत कुणाचं तरी चुकलेलं पोर धरावं तसा.
अशा साखळीतून शाळेतला मुलगाही
निवांत चालत निघून जाईल.

आता चढाई.
ओवेसचा गुडघा.
केईएमचे डॉक्टर जून म्हणतात, ओवेस एप्रिल म्हणतो.
गुडघा काही म्हणत नाही,
फक्त जिना उतरताना कट्ट वाजतो.
मी जिन्याखाली उभं राहून ऐकलाय.
"सहेरी करून येतो सर, नुसता बघायला."
नुसतं बघणं त्याला कधी जमलंय?

मग उरतो गौरांग शिंगरे, पहिल्या वर्षाचा.
दम बेचाळीस सेकंद, घड्याळ लावून मोजलाय.
पाय असे की पकडायला गेलेल्याच्या हातात
नुसती माती येते.
पण मध्यरेषा ओलांडण्याआधी
एकदा मागे वळून बघतो.
दर चढाईला. न चुकता.
"काय बघतोस रे?"
"काही नाही सर."
मग बुटाची नाडी बांधत, खाली बघत,
"आहेत का ते."

लोकांना वाटतं चढाई एकट्याची असते.
शिट्टी, श्वास, समोर सात जण, हा एकटा.
पण बाद झाला की तो जाऊन बसतो,
आणि किती का मोठा खेळाडू असेना,
स्वतःहून उठता येत नाही त्याला.
मागे उरलेल्यांनी समोरचा एक टिपला
तरच हा जिवंत.

एकदा मी अकरा मिनिटं बसलो होतो,
विद्यापीठाच्या उपांत्य सामन्यात.
गुडघ्यांना हातांची मिठी मारून बघत होतो
आमचे हात सुटताना,
एकेकाचे,
आणि प्रत्येक जण येऊन माझ्या शेजारी बसताना.
नंतर सगळे म्हणाले, तू छान खेळलास.
पुढच्या वर्षी मी चढाई सोडली,
कोपरा मागून घेतला.
हे गौरांगला सांगितलेलं नाही.
बाईतला सांगायला हवं बहुधा. खरटमललाही.
पण भाषणाने मुठी वळत नाहीत.
सहाशे रुपये मीच देऊन टाकावेत का?

पलीकडच्या चाळीत कुणीतरी गुढीची काठी धुतंय,
नळाचा आवाज येतोय.
फक्कीचा डबा घेऊन मी रेषा मारायला लागतो.
कोपरे बरोबर येतात. निदान रेषा ठीक.
मध्यरेषा जरा वाकडी आली,
खरटमलच्या बाजूला एक वीतभर.
पुसणार होतो.
राहू दे.
उद्या पायांखाली पुसली जाईलच,
कुणी आलंच तर.