सातवी क

पहिली वही कारखान्यातली, निळ्या पुठ्ठ्याची,
मालाची आवक-जावक लिहायची.
तिच्यातच मी रकाने पाडले:
तारीख. सुळका. वाट. प्रत. पुढे कोण.
शेवटचा रकाना बिननावाचा.
त्यात वाऱ्याची दिशा,
नाहीतर हेल्गार्डने डब्यात काय आणलं होतं ते.

आमच्या एल्बेकाठी वाटांना प्रती असतात
शाळेतल्या इयत्तांसारख्या:
सातवी अ, सातवी ब, सातवी क.
कुणी एका उन्हाळ्यात पास होतं.
मी सातवी क मध्ये नऊ वर्षं बसले.

वाळूचा दगड आहे हा. त्याला खडूचा हात लावायचा नाही,
खाचेत लोखंड ठोकायचं नाही.
दोराला गाठ मारायची, खाचेत खुपसायची,
लाकडी चपट्या काडीने नीट बसवायची
आणि त्या गाठीला जीव टांगून पुढे जायचं.
पाऊस पडून गेला की दोन दिवस लांबूनच बघायचं;
ओला दगड शिळ्या केकसारखा हातात येतो
आणि तुटलेली खाच
माझ्या एकटीची नसते.

"ओला. परत."
अशा नोंदी परवा मोजल्या. एकशे बेचाळीस.

आणि ही एक:
१४ सप्टेंबर १९७९. गिरणीवाल्याची बहीण. पश्चिम कड.
सातवी क. पुढे: मी.
शेवटच्या रकान्यात उद्गारचिन्ह.
अकरा वह्यांमधलं एकमेव.

कडीला दोर अडकवून विसावलं तर चालतं,
त्याला इथे कुणी लबाडी म्हणत नाही.
पण दुसऱ्या कडीच्या वर
माझा डावा गुडघा शिलाई मशीनसारखा चालू झाला
आणि मी कडीवर पाय ठेवला.
एक श्वास. फार तर दीड.
खाली हेल्गार्ड दोर धरून, मान वर करून.

शिखरावर पत्र्याचा डबा, डब्यात शिखरवही.
हेल्गार्डने तारीख घातली, दोघींची नावं लिहिली,
पेन्सिल माझ्या हातात दिली
आणि बूट सोडायला लागली.
उद्गारचिन्ह मी रात्री घरी काढलं,
दार लावून,
माझ्याशिवाय कुणी न वाचायच्या वहीत.

चौऱ्याऐंशीत ती नवऱ्यामागे पश्चिमेला गेली.
"पुढे कोण" मध्ये मग इतर नावं आली,
काही एकदाच, काही वाचताही येत नाहीत.
प्रती वर गेल्या, थांबल्या, उतरल्या.
सध्या मी तिसरीत आहे.
भाच्याचा मुलगा यान्नेक फोनमध्ये आपला आलेख दाखवतो,
सरळ वर जाणारी हिरवी रेघ.
"तुझी सगळ्यात वरची कोणती?" तो विचारतो.
मी म्हणते, सातवी क,
आणि घसा साफ करते.

म्हणून गेल्या महिन्यात ड्रेस्डेनला गेले.
भरलेल्या शिखरवह्या तिथे कपाटात ठेवतात.
एका मुलीने मला सुती हातमोजे दिले;
दगडावर कधी घातले नाहीत, कागदासाठी घातले.
पान सापडलं.
हेल्गार्डचं तिरकं अक्षर, तारीख, दोन नावं.
वाटेचा रकाना कोरा.
त्यापुढे माझ्या अक्षरात, दाबून लिहिलेलं:
वारा, पश्चिमेकडून.

म्हणजे तिने जागा सोडली होती.
मी तिथे हवामान भरलं.

घरी येऊन निळी वही काढली.
खोडलं नाही. खाली लिहिलं,
"कडीवर पाय. एक श्वास," आणि आजची तारीख.
दीड लिहायला हवं होतं का, यावर
चहा थंड झाला.

रविवारी यान्नेक न्यायला आला.
पायथ्याशी पोचलो. रात्री सर येऊन गेलेली.
त्याने तळहात टेकवला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही.
"परत," तो म्हणाला.

एकशे त्रेचाळीस.
वारा नव्हता.
डब्यात त्याने काहीच आणलं नव्हतं.