मागील बाकी

किल्ली मिळाली मंगळवारी.
गुरुवारी दाराखालून नोटीस,
चार घड्यांची, संस्थेचा शिक्का अर्धाच उमटलेला.

सदनिका क्रमांक तीनशे दोनच्या धारकास कळविण्यात येते की
बाल्कनीची लोखंडी जाळी मंजूर रेषेबाहेर चौदा इंच आहे.
सामाईक गच्चीवर मासळी वाळत घातली, दंड, वेळा सात.
कुंपणालगत मेंदीचे झाड, विनापरवाना.
जिन्यात सायकल.
मागील बाकी रुपये एकतीस हजार चारशे.
जाळी एकवीस दिवसांत काढावी.

मला सायकल येत नाही.
राजिवड्याच्या चढावर राहायला येऊन आठवडा नाही झाला,
अजून गॅस जोडलेला नाही, देव खोक्यात आहेत,
आणि माझ्या नावावर सात सुकवलेले गुन्हे.
वकील म्हणाला होता, टायटल एकदम स्वच्छ.
मुद्रांक शुल्क भरलं, नोंदणी फी भरली,
भिंतींसोबत आणखी काय काय माझं होतंय
ते कुणी वाचून दाखवलं नाही.

त्यात मी भूमी अभिलेखचा मोजणीदार.
वीस वर्षं लोकांच्या बांधावर उभा राहून सांगतोय,
तुमचं इथपर्यंत, पुढचं त्यांचं.
माडाच्या मुळांना ते कधी पटलं नाही.

सचिव खातूंनी रजिस्टर उघडलं.
पान बाविसावं, खतिजा फणसोपकर.
'सौ.' वर काट मारून वर 'श्रीमती',
शाई वेगळी, अक्षर खातूंचंच.
दंड सगळे त्या काटेनंतरचे.
"बोट आली परत," खातू म्हणाले, "तांडेल नाही आला.
पोरं मग दर फेरीला बाईचा वाटा आणून द्यायची.
एकटी किती खाणार? सुकवायची.
बांगडे, ढोमी, कधी मुशी.
वास जायचा, तक्रार यायची."
चष्मा पुसला.
"आमच्याकडेही द्यायची. खाल्ली आम्ही.
दंड वेगळा, कालवण वेगळं."

आणि सायकल?
"त्याची. हलवू नका म्हणायची."

उतरताना जिन्यात टायर दाबून पाहिले.
दोन्हींत हवा होती.

दुय्यम निबंधकाकडे सही करताना
बाईंनी मला एकच विचारलं होतं,
खुर्ची ठेवू, की नेऊ?
मला वाटलं, जड असेल, न्यायचा कंटाळा. ठेवा म्हटलं.
त्या रात्री तिच्यावर बसलो.
मागे टेकलं की समोर बी विंगची पाण्याची टाकी,
काळी, झाकणावर दगड.
पुढे सरकलो, आणखी पुढे,
पावलं जाळीच्या तळाशी टेकली
आणि टाकीच्या कडेपलीकडून निघालं
खाडीचं तोंड, भाट्याचा पूल, वाळूचा दांडा,
दांड्याला वळसा घालून आत येणारा एक दिवा.
मग दुसरा.
तिसऱ्याची मी उगाच वाट पाहिली.
माझे गुडघे तेव्हा मंजूर रेषेबाहेर होते.

दंड हप्त्यानं भरतोय.
पावतीवर नाव माझं,
कारणाच्या रकान्यात मागील बाकी.
मेंदी तशीच आहे, तळमजल्यावरची पोर पानं तोडून नेते.
जाळी कापायला फॅब्रिकेटर येणार होता रविवारी,
त्याला म्हटलं, थांब, आधी माप घेतो.

घेतलं. कामावरचीच टेप, सरकारी.
चौदा नाही. साडेपंधरा भरलं.

खातूंना कळवलेलं नाही.