टारच सिधा धर

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
निंबाखाली ताडपत्री पडायची,
तिच्यावर बाबा, बाबांवर फियाट,
आणि बाजूला उकिडवी मी, टॉर्च घेऊन.
दोन सेलचा. मधूनमधून मांडीवर आपटावा लागे.
'टारच सिधा धर ना व बाई, कुठी पायतं?'
मी खारीकडे पाहत असायची.

बाबांचे तळवे तेवढे बाहेर.
तळव्यांवरून मला कळायचं नट सुटला की नाही:
अंगठा ताठ, म्हणजे अजून नाही.

पॉइंटचा गॅप दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं मोजायचे.
जेट फुंकायचे, थुंकायचे,
मग चहाला पेट्रोलची चव लागते म्हणून
आईशीच भांडायचे.
टाकी पाझरली तर लाल साबण,
रेडिएटर गळालं तर हळद.
आई म्हणायची, 'वरनात कमी पडली त चालते,
हिले पुरली पायजे.'
इंजिन उतरवलं त्या वर्षी साखळी निंबाच्या फांदीला,
ओढायला चक्कीवाले हुसनाजी आणि अर्धी गल्ली.
हात पुसायला फरदडीचा कापूस,
शेवटी संत्र्याची साल,
पेरांत, नखांत, चोळ चोळ चोळायची.
ग्रीस आणि संत्रं मिळून जो वास होतो
त्याला नाव नाही.
वर्गात कुणी डबा उघडून संत्रं सोललं
की मी दाराकडे पाहायची, बाबा आले का.

आता खरं सांगते.
ती गाडी दर तिसऱ्या खेपेला बंद पडायची.
इंदूआत्याच्या लग्नात आम्ही पोचलो
तेव्हा पत्रावळ्या उचलणं चालू होतं.
दादाचा गणिताचा पेपर
चांदूर बाजारच्या अलीकडे, एका पुलावर,
बॉनेट उघडं टाकून गेला.
बाबा कधी 'चुकलं' म्हणाले नाहीत.
'कंडेन्सर गेला,' म्हणाले.

यंदा दिवाळीला मी माझी गाडी नेली.
पांढरी. अकरा महिन्यांची.
अंगणात वळताना समोर पिवळा दिवा लागला.
बाबांनी बॉनेट उघडलं.
आत काळ्या प्लास्टिकचं एकसंध झाकण.
त्यांनी त्यावर बोटानं टकटक केली,
परक्याच्या दारावर करावी तशी,
आणि थोडा वेळ थांबलेही.
'आपल्यासाठी काईच नाई ठेवलं व याच्यात.'

संध्याकाळी अमरावतीहून पोरगा आला,
कंपनीचा शर्ट, हातात टॅब.
पायापाशी कुठेतरी वायर लावली.
बाबांनी माझा मोबाइल मागून घेतला
आणि त्याचा उजेड पोराच्या बोटांवर धरला,
दोन्ही हातांनी, सिधा.
'काका, लाईट नाही लागत.'
'असू दे,' बाबा म्हणाले.
चार मिनिटांत दिवा विझला.
'परत आला तर वर्कशॉपला आणा.'
'कोन आला तर?'
'कोड, काका.'

फियाट भंगारात गेली त्याला सोळा वर्षं झाली.
पाने आहेत.
दहा-अकराचा उन्हाळ्यात कूलरच्या स्टँडला लागतो,
बाकीचे तेल लावून, पोत्यात.
निंबाच्या फांदीवर साखळीचा वळ आहे,
साल त्याच्याभोवती जाड होत आली, ओठांसारखी.

निघताना खिडकीतून पिशवी आत आली,
आंबिया बहाराची, अर्धवट हिरवी संत्री.
'खाजो रस्त्यानं. साली फेकू नोको.'
'कायले?' मी विचारलं.
त्यांचं लक्ष नव्हतं. गाडीभोवती एक चक्कर मारून
चपलेच्या टोकानं टायर दाबून पाहत होते.
'मांगच्या डाव्यात हवा कमी हाय.'

दिवा तर लागला नव्हता.
मोर्शीच्या पंपावर रांग होती, थांबले नाही.
गाणी बंद केली,
आणि अमरावतीपर्यंत
मागचं डावं चाक ऐकत गेले.