पांढरी सात, जरा चढी

कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये
दुपारी बाराला पास केलेला स्क्रीन
रात्री दोनला मिरजेच्या वॉर्डात कसा दिसतो
हे आम्ही कुणी बघितलंच नव्हतं.

एस्तेर वायदंडे सिस्टरांचा फोन आला:
तुमच्या पंपावर आम्ही रुमाल टाकतो.
टाकला नाही तर पेशंट झोपत नाहीत,
टाकला तर मला आकडा दिसत नाही.
काय करायचं, तुम्हीच सांगा की.

मी गेले. स्टुलावर लॅपटॉप, मांडीवर केबल.
सहा नंबर खाटेच्या पंपावर खरंच रुमाल,
निळ्या काठाचा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी.
त्याला हात लावायचा नाही, सिस्टर म्हणाल्या.
मला दिला जादा असलेला एक,
स्टीलच्या ट्रेमध्ये थेंब सोडत बसलेला.
तासाला पाच मिलिलिटर
आणि लग्नाच्या मांडवाएवढा उजेड.

आधी शून्य लिहून पाहिलं.
शून्यावर उजेड कमी होत नाही, जातो.
सिस्टर कोपऱ्यातून धावत आल्या,
रिकामाच आहे म्हटलं तरी छातीवर हात.
बंद पडलेलं आणि झोपलेलं
लांबून सारखंच दिसतं हो, म्हणाल्या.
शून्य खोडलं. खालची पायरी एक.

मग मधला जिना.
मी बांधलेला सरळ, पंचवीस-पंचवीसचा,
वर चढताना डोळ्याला काही कळेना
आणि खाली शेवटच्या पायरीला एकदम खड्डा.
डोळा बेरीज करत नाही.
दुप्पट द्यावं तेव्हा म्हणतो, हं, थोडं वाढलं.
म्हणून एक, दोन, चार, आठ, सोळा,
असं करत दोनशे पंचावन्न.
पंप चालू होताना आठवर उठेल,
अलार्म वाजला तर मात्र पूर्ण पेटेल
(हे सिस्टरांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं).

अडीचला वाटलं, झालं.

सात नंबरवर अब्बासचाचा,
तंबोऱ्याची जवारी लावण्यात पन्नास वर्षं गेलेली,
डोळे मिटलेलेच:
उजेड कमी केलास पोरी, आवाज वाढवलास.
कसला आवाज?
पांढरी सात. वरची. जरा चढी.

मी पंपाला कान लावला. काही नाही.
माझे कान शेडमधल्या पंचिंग मशीनने कधीच नेलेत.
मग फाइलीत बघितलं:
दहा लाख नॅनोसेकंदांचा एक फेरा,
म्हणजे सेकंदाला हजारदा पेटणं आणि विझणं.
कमी उजेड म्हणजे मंद जळणं नव्हे,
जास्त वेळ विझलेलं असणं.
डोळ्याला फसवायचं ठरलं होतं, तो फसला.
कानाला कुणी विचारलंच नव्हतं.

जवारीखाली आम्ही सुताचा दोरा सरकवतो,
चाचा म्हणाले, केसभर.
मी दहा लाखांचे चाळीस हजार केले.
आता सेकंदाला पंचवीस हजारदा.
हॉस्पिटलमागच्या चिंचेवरच्या वटवाघळांना
ऐकू येत असेल तर येवो.

पण एकच्या पायरीवर दिवा पेटेना.
एवढ्या घाईत डोळा उघडायलाही
त्याला वेळ पुरत नव्हता.
दोनवरही नाही.
चारवर उघडला, किलकिला.
पुन्हा खोडलं, खालची पायरी चार.

सिस्टर सहा पावलं मागे गेल्या,
आकडा वाचला, मोठ्यानं नाही, ओठांनी.
पहाटे सहाच्या पंपातही तेच भरलं, थेंब न चुकवता,
रुमाल घडी करून माझ्या हातात दिला.
कुणाचा आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं.

झालं का चाचा?
गप झालं बघ, म्हणाले.
जरा वेळ ऐकत राहिले,
मग छताकडे बोट केलं, ट्यूबच्या चोककडे:
हिचं काय? खर्जातली पांढरी पाच,
हीसुद्धा चढीच.

ती चोक आमच्या शेडमधली नाही, मी म्हटलं.