पाच गुणांचा प्रश्न

सार्वभौमत्व म्हणजे काय? गुण पाच.
नायरा चोकेनं लिहिलंय:
"वर एल आल्तोत, आमच्या गल्लीला नळ एकच.
किल्ली एउलालियाबाईंच्या गळ्यात.
त्यांनी मेहुण्याची पिंपं आधी भरली,
तेव्हा रविवारच्या बैठकीत हात वर झाले
आणि किल्ली गळ्यातून निघाली.
आरडाओरडा नाही.
सोमवारी त्या रांगेत होत्या, आमच्या मागं,
दोन बादल्या घेऊन.
मी त्यांना पुढे घेतलं नाही."

व्याख्या नाही. एकाही विचारवंताचं नाव नाही.

खाली ला पासमध्ये दिवे लागलेत,
केबलकारचे पाळणे
घरी निघालेल्यांना घेऊन वर चाललेत.
लाल पेनाचं टोपण
चावून चावून चपटं केलंय मी.

नियमानं तीन.
रात्री उठून
चार केले.